तळेगाव चौकात अडकलेली बस

चाकणच्या तळेगाव चौकात कंपनीची बस अडकली आहे. पहिली पाळी संपवून मोशीला निघालात, त्याला तास होत आला. मांडीवरच्या डब्यात अर्धी बाजरीची भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि ठेचा उरलाय. गहू, साखर, मैदा बंद करून तीन महिने झाले. "पूर्वज खायचे तेच खायचं," हे तुम्ही कँटीनमध्ये इतक्यांदा ऐकवलंत की पोरं आता तुम्हाला बघून 'पूर्वज आले' म्हणतात.

डोळा लागतो. बस हलते तेव्हा खाली हायवे नसतो.

१९७२. शिरूर तालुक्यातलं बोडकं माळरान, दुष्काळी काम. बायका रांगेनं खडी फोडतायत. त्यांतली एक तुमची आजी. पण आत्ता ती तिशीची, तुमच्याहून लहान, आणि तुम्हाला ओळखायचं तिला काही कारणच नाही.

"पाव्हणं, उन्हाचं उभं नगा ऱ्हाऊ. बसा, दोन घास खावा."

फडक्यात तांबडी भाकरी. मिलो. अमेरिकेतून आलेली, रेशनवर मिळणारी तांबडी ज्वारी. घास तोंडात घोळतो, खाली उतरत नाही. सोबत कांदा, तोही अर्धा; उरलेला अर्धा तिनं फडक्याच्या टोकाला बांधून ठेवलाय. पलीकडं पोरं सुकडीचे बकाणे भरतायत. दळण कुठून आणता, असं विचारल्यावर ती हसते आणि तळहात पुढं करते. जात्याच्या खुंट्यानं पडलेले घट्टे आणि त्यांवर हातोडीचे नवे फोड. "गिरणीला पैसं कुठलं? चारला उठायचं." मग लांबवर बोट दाखवून म्हणते, "इनामगावला सायब लोक पांढरी उकरत्यात म्हणं. मडकी घावत्यात. खायाचं काय घावलं तर सांगा म्हणावं."

तुम्ही आणखी मागं जाता. वाटेत देहू लागतं, १६३०च्या दुष्काळातलं. तुकोबांचं घर पिढीजात वाण्याचं, आणि त्याच घरातली त्यांची पहिली बायको अन्नावाचून गेलेली. इथं थांबवत नाही.

मग घोड नदी. तीन हजार वर्षांपूर्वीचं इनामगाव. पूर्वजच हवे होते ना? हे घ्या. सातू, मसूर, वाटाणा, हुलगा, कधी हरणाचं मांस. तुम्ही सवयीनं ठेचा शोधता. मिरची अजून समुद्रापार अमेरिकेत, शेंगदाणेही तिथंच. पोर्तुगीज जहाजं यायला अडीच हजार वर्षं आहेत. तुमच्या डब्यातली बाजरीसुद्धा मूळची आफ्रिकेची. एकाच डब्यात अमेरिका आणि आफ्रिका घेऊन तुम्ही 'आपलं' खात होतात.

पाऊसमान घटत चाललंय. मोठी चौकोनी घरं जाऊन आता लहान गोल झोपड्या उरल्यात, शेतीपेक्षा शिकारीवर भर आहे. एका झोपडीत बाई जमीन उकरतेय. दोन मडकी तोंडाला तोंड लावून आडवी ठेवते. आत तिचं तान्हं आहे. माती लोटते आणि हातानं सारखी करते. रात्री सगळे याच जमिनीवर झोपतील. डेक्कन कॉलेजची माणसं १९६८ ते १९८३ या काळात अशीच मडकी बाहेर काढणार आहेत. पेनिसिलिननं हे मूल वाचलं असतं का, कुणास ठाऊक. पिंपरीत ते बनायला लागायचं होतं १९५५ साली.

ब्रेक लागतो. मोशी.

कोपऱ्यावरच्या पोळी-भाकरी केंद्रात मावशी परातीत भाकरी थापतायत. उजव्या मनगटाला क्रेप बँडेज, त्यावर पिठाचा थर.

"उद्या सहाच ना? बाजरीच्या?"

"हो. तुमच्या घरी पण भाकरीच असते का, मावशी?"

"छे! लहानपणी चपाती सणालाच दिसायची आम्हाला. आता रोज करते." त्या तव्यावरची भाकरी उलटतात. डावा हात लावून.