अतिदीर्घायुषी व्यक्ती, आफ्रिकेतील
वयाची ११० वर्षे ओलांडल्याची नोंद वा दावा असलेल्या आफ्रिकी व्यक्ती. वसाहतकाळात ग्रामीण भागात जन्मनोंदणी [→ जन्म-मृत्यू नोंदणी] तुरळक असल्याने अनेकांची वये पुढे अंदाजानेच कागदावर चढली. दुष्काळ, युद्ध, साथ यांच्या आठवणींवरून, तसेच पूर्व आफ्रिकेतील काही समाजांत दीक्षा-वयोगटावरून [→ मसाई] जन्मवर्ष ताडले जाते. अशा अंदाजांमुळे जनगणनेत [→ जनगणना] शून्य वा पाचावर संपणारी वये प्रमाणाबाहेर भरतात. दक्षिण आफ्रिकेतील फ्रेडी ब्लोम यांच्या ओळखपत्रावर ८ मे १९०४ ही जन्मतारीख होती. २०२० मध्ये ते निवर्तले, वय मात्र स्वतंत्रपणे प्रमाणित झाले नाही. फ्रान्सच्या झान काल्माँ (१८७५–१९९७) यांचे १२२ वर्षांचे आयुष्य हा प्रमाणित उच्चांक असून त्याहून मोठे आफ्रिकी दावे कागदपत्रांअभावी ग्राह्य धरलेले नाहीत.