जोडीचे पाठांतर : पालघर परिसरातील मौखिक परंपरेचा एक दुर्लक्षित पैलू

पाठांतर ही एकट्याने करावयाची साधना आहे, असा समज शालेय शिक्षणामुळे दृढ झाला. मराठी प्रदेशातील मौखिक परंपरेचा इतिहास मात्र वेगळे सांगतो. येथे कविता बहुधा दोघांनी मिळून पाठ ठेवली. वेदपठणातील घनपाठात दोन पदे सुलट, उलट व पुन्हा सुलट म्हणून तिसऱ्या पदासह तोच क्रम पुढे नेला जातो, आणि अशा विकृतिपाठांचे पठण अनेकदा दोन वैदिक समोरासमोर बसून करतात. एकाची चूक दुसऱ्याच्या कानावर तत्काळ येते. परंतु हा अधिकार मर्यादित वर्गापुरता होता. बहुजन स्त्रीची पाठशाळा म्हणजे पहाटेचे जाते.

जात्याच्या खुंट्याला दोघींचे हात असत : जावाजावा, नणंद-भावजय किंवा शेजारच्या मैत्रिणी. एकीने ओवी धरावी आणि दुसरीने ती उचलावी, असा क्रम असे. पहिली, दुसरी, तिसरी अशी ओव्यांची मोजणी, ठरलेली संबोधने आणि यमकाची जागा ही स्मरणाची साधने होती. एकीला चरण आठवला नाही तर जाते थांबत नसे. समोरची तो पुरवी, क्वचित बदलून पुरवी, आणि त्या बदलातूनच नवी ओवी जन्मास येई. 'जात्यावर बसलं की ओवी सुचते' ही म्हण केवळ गमतीची नाही. हाताची लय व समोरचा आवाज यांवाचून स्मरण चालत नाही, हे निरीक्षण तीत साठलेले आहे. साने गुरुजींनी 'स्त्री जीवन'मध्ये ओव्यांचे संकलन केले. पुढे हेमा राईरकर व गी पॉइट्व्हाँ यांनी महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून एक लाखाहून अधिक ओव्या जमविल्या. हा साठा निरक्षर मानल्या गेलेल्या स्त्रियांच्या स्मरणातला आहे, हे येथे ध्यानात घ्यावयास हवे.

पालघर, डहाणू, तलासरी या पट्ट्यातील वारली समाजात हीच गोष्ट अधिक जबाबदारीच्या रूपात दिसते. विवाहविधी गीतांद्वारे चालविणारी धवळेरी ही येथील स्त्री-पुरोहित होय. भिंतीवर सवाशिणी चौक लिहितात आणि धवळेरीच्या गाण्यांनी विधी पुढे सरकतो. 'धवळ' म्हणजे विवाहगीत. तेराव्या शतकातील महदंबेचे 'धवळे' याच शब्दाची साक्ष देतात. वारली चित्रकलेला जगभर मान मिळाला. जिव्या सोमा म्हसे यांना २०११ मध्ये पद्मश्री देण्यात आली. चित्राला कागद मिळाला, गीताला मात्र तितका अभ्यासक मिळाला नाही, ही खंत नोंदविणे भाग आहे. ज्येष्ठ धवळेरीच्या शेजारी बसून, तिच्या सुरात सूर मिसळत शिकणे, हीच या विद्येची परीक्षा व हीच पदवी.

अंदमानातील उदाहरण याच्या उलट बाजूचे आहे. १९११ मध्ये तेथे नेलेल्या वि. दा. सावरकरांना लेखनसाहित्य नव्हते. कोठडीच्या भिंतीवर ओळी कोरून त्यांनी त्या मुखोद्गत केल्या. जोडीदार नसलेल्या पाठकाने भिंतीलाच जोडीदार केले, असे म्हणावेसे वाटते. बंदिवासात बुद्धी सजग राखण्याचा तो मार्ग होता.

आधुनिक मानसशास्त्र याच निरीक्षणाजवळ येते. रोडिगर व कार्पिक यांनी २००६ मध्ये दाखविले की मजकूर पुनःपुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा तो आठवून सांगण्याचा प्रयत्न करणाऱ्यांच्या लक्षात आठवड्यानंतर अधिक राहतो. वाचल्यानंतर लगेचच घेतलेल्या चाचणीत मात्र वाचणारेच सरस ठरतात. जोडीदार नेमके हेच करतो. तो सतत आठवावयास लावतो.

जोडी मोडते तेव्हा काय होते, हा प्रश्न बोईसर-तारापूर परिसरात अधिक तीव्र होतो. गावोगावी गिरण्या आल्या आणि जाते कोपऱ्यात गेले. १९६९ मध्ये येथे देशातील पहिले अणुविद्युत केंद्र सुरू झाले, पुढे औद्योगिक वसाहत वाढली. केंद्राच्या तिसऱ्या व चौथ्या संचांसाठी अक्करपट्टी व पोफरण ही गावे उठवावी लागली. हे संच २००५ व २००६ मध्ये कार्यान्वित झाले. पुनर्वसनाच्या हिशेबात घर, जमीन, झाडे मोजता येतात. ओवीचा दुसरा चरण कोण म्हणत होती, याचा रकाना त्यात नसतो. एक जण नव्या वसाहतीत, दुसरी मुलाकडे मुंबईस गेली की दोघींच्या वाट्याला अर्धेच गाणे उरते, आणि ते विसरलेही लवकर जाते.

म्हणूनच परिसरातील महाविद्यालयांनी क्षेत्रकार्य करताना एकेका वृद्धेची मुलाखत घेऊन थांबू नये. तिची जोडीदारीण हयात असेल तर दोघींना एकत्र बसवावे, शक्य तर जात्यापाशीच. कोणती ओळ कोणी उचलली, कोठे एकीने दुसरीला टोकले, दोघींची माहेरे कोणती, याचीही नोंद ओवीबरोबर करावी.