अ‍ॅस्पिरिनला दाद न देणारे रक्त

पायांच्या रोहिण्या अरुंद होऊन रक्तपुरवठा घटणे म्हणजे परिघीय रोहिणी विकार. आरंभी चालताना पोटऱ्या दुखतात. विकार बळावल्यास विश्रांतीतही वेदना होतात, जखमा चिघळतात आणि पाय गमावण्याची वेळ येऊ शकते. हृदयविकार व पक्षाघात टाळण्यासाठी अशा रुग्णांना अ‍ॅस्पिरिन देतात. ते प्लेटलेटमधील कॉक्स-१ हे विकर कायमचे निकामी करते. परिणामी थ्रॉम्बॉक्सेनची निर्मिती थांबून गुठळी होण्यास अटकाव होतो.

काही रुग्णांत मात्र औषध घेऊनही चाचणीत प्लेटलेट सक्रिय आढळतात. हाच अ‍ॅस्पिरिन-प्रतिरोध. गोळी नियमित न घेणे हे त्याचे नेहमीचे कारण. आधी घेतलेले आयब्युप्रोफेन अ‍ॅस्पिरिनची जागा अडवते. मधुमेहात नव्या प्लेटलेट वेगाने तयार होत असल्याने दिवसाची एक मात्रा अपुरी पडू शकते.

१९९६ च्या ‘कॅप्री’ चाचणीत या विकाराच्या रुग्णांत क्लोपिडोग्रेल सरस ठरले. २०२० च्या ‘व्हॉयेजर’ चाचणीत पायाचा रक्तप्रवाह पूर्ववत केल्यानंतर अ‍ॅस्पिरिनला रिव्हारॉक्सॅबॅनच्या अल्प मात्रेची जोड दिली असता तो अकस्मात खंडित होण्याचे प्रमाण घटले. रक्तस्राव मात्र वाढला. म्हणूनच वैद्यकीय सल्ल्याविना मात्रा वाढवू वा बंद करू नये.