पाव्हियाहून आलेला पट्टा

काही वर्षांपूर्वी आमच्या ओळखीतल्या एका वहिनींचा चेहरा हळूहळू गोल होऊ लागला. "अमेरिकेचं पाणी मानवलं हो!" अशी पॉटलकला आम्ही सर्वांनीच थट्टा केली. रक्तदाब वाढला, तेव्हा डॉक्टर म्हणाले मीठ कमी करा. जरासा धक्का लागला की दंड काळानिळा होई, जिना चढवेना. खरं निदान व्हायला तीन वर्षं गेली. मेंदूच्या तळाशी वाटाण्याएवढी पिट्युटरी ग्रंथी असते, तिच्यात काही मिलिमीटरची गाठ होती. रोगाचं नाव कुशिंग.

मी पडलो इंजिनिअर. माझी डॉक्टरेट औषधं लिहून देणारी नव्हे! पण हे कुशिंग कोण, या कुतूहलापोटी लायब्ररीत शिरलो आणि रमलो.

हार्वी कुशिंग हे मेंदूचे सर्जन, जन्म १८६९, क्लीव्हलँड. १९०१ साली ते इटलीत पाव्हियाला गेले. तिथे रिव्हा-रोच्ची यांनी दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजायचं उपकरण काढलं होतं. त्याचा नमुना घेऊन कुशिंग बाल्टिमोरला परतले. १९०३ साली त्यांनी बोस्टनला जाऊन त्याचा पुरस्कार केला, तर हार्वर्डच्या सर्जनांच्या समितीने ठरवलं की ऑपरेशनच्या वेळी असं मोजण्याची तूर्त गरज दिसत नाही. बोटाने नाडी बघतोच की आपण! (नवीन यंत्राला नाकं मुरडणाऱ्या कमिट्या मीही पाहिल्यात.) गंमत म्हणजे १९१२ साली हेच कुशिंग हार्वर्डमध्ये सर्जरीचे प्रोफेसर झाले.

त्याच वर्षी त्यांचं पिट्युटरीवरचं पुस्तक आलं. त्यात रशियातून आलेल्या २३ वर्षांच्या एका निर्वासित तरुणीची हकिगत आहे: गोल चेहरा, पोटावर चरबी, वाढलेला रक्तदाब. पुढे वीस वर्षं अशा रुग्णांच्या नोंदी गोळा करून १९३२ साली त्यांनी बारा जणांवर निबंध लिहिला आणि बोट ठेवलं ते पिट्युटरीच्या बारीकशा गाठीवर. कॉर्टिसॉल तेव्हा कुणाला माहीतही नव्हतं. दोष मूत्रपिंडावरच्या ॲड्रिनल ग्रंथींचा आहे, असं म्हणणारेही होते, आणि काही रुग्णांच्या बाबतीत ते खरंच निघालं.

आज यंत्रणा कळली आहे, आणि ती मला घरच्या थर्मोस्टॅटसारखी वाटते. पिट्युटरी हुकूम सोडते, ॲड्रिनल कॉर्टिसॉल बनवते, ते पुरेसं झालं की पिट्युटरी गप्प बसते. गाठ मात्र गप्प बसत नाही. जादा कॉर्टिसॉलमुळे रक्तवाहिन्या ॲड्रिनलिनला जास्त आवळून प्रतिसाद देतात, मूत्रपिंडं मीठ धरून ठेवतात, आणि वाहिन्यांचं आतलं अस्तर त्यांना सैल करणारं नायट्रिक ऑक्साइड कमी बनवतं. साखर नि कोलेस्टेरॉल वाढतात ते वेगळंच.

हॉर्मोन्स कमी पडली तरीही सुटका नाही. १९९० साली स्वीडनमधल्या गोथेनबर्गच्या डॉक्टरांनी पिट्युटरी निकामी झालेल्या ३३३ रुग्णांचा हिशेब मांडला. हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकारांनी साधारण ३१ मृत्यू अपेक्षित होते, झाले ६०. त्यांना कॉर्टिसोन, थायरॉइड वगैरे मिळत होतं, ग्रोथ हॉर्मोन नव्हतं. म्हणून संशय तिकडे गेला. त्यावरचा वाद अजून पुरता मिटलेला नाही.

खुद्द कुशिंग सिगरेटी खूप ओढत. पायांच्या रक्तवाहिन्या तुंबल्याने अखेरच्या वर्षांत त्यांना चालणं कठीण झालं होतं. ७ ऑक्टोबर १९३९ रोजी ते हृदयविकाराने गेले.

वहिनींची गाठ नाकावाटे काढली. चेहरा पूर्वीसारखा झाला. पण इतकी वर्षं सोसलेल्या धमन्या लगेच पूर्ववत होत नाहीत. रक्तदाबाची एक गोळी अजून चालू आहे, आणि रोज सकाळी चहाआधी त्या दंडाला पट्टा बांधतात.