समासातल्या शेऱ्याचा मागोवा

औरंगाबादच्या शहागंजात घड्याळाच्या मनोऱ्यामागच्या एका गल्लीत भाड्याने पुस्तकं देणारी टपरी होती. मराठी, हिंदी, उर्दू असा तिन्ही भाषांचा माल एकाच फळीवर असायचा, आणि कोऱ्या समासाचं पुस्तक तिथं शोधूनही सापडत नसे. ‘खुनी डॉक्टर आहे, पुढे वाचू नका’ ही शेऱ्यांमधली सर्वांत दुष्ट जात. बाकी ‘बकवास’, ‘लई भारी’, ‘इथून पुढं रडू येतं’ वगैरे. बाबूराव अर्नाळकरांच्या एका पुस्तकात कुणीतरी लिहून ठेवलं होतं, ‘झुंझार दर वेळी वाचतो, मग घाबरायचं कुणासाठी?’ रहस्यकथेवरची याहून नेमकी समीक्षा मी छापील स्वरूपात फारशी वाचलेली नाही.

या शेऱ्याचं कूळ कुठपर्यंत मागं नेता येईल? आमच्या जिल्ह्यापुरतं बोलायचं तर निदान अजिंठ्यापर्यंत. 28 एप्रिल 1819 रोजी मद्रासच्या घोडदळातला जॉन स्मिथ हा गोरा अधिकारी शिकारीच्या नादात वाघूरच्या घळीत आला, दहाव्या लेण्यात शिरला आणि तिथल्या खांबावर रंगवलेल्या आकृतीवर आपलं नाव नि तारीख कोरून गेला. दात्यांचे जुने लेख सोडले तर चित्रातल्या गोष्टीवर इथं ओढलेला हा अलीकडचा पहिला गाजलेला शेरा. त्यात मत काहीच नाही; फक्त ‘मी आलो होतो’ एवढंच. टपरीवरच्या पुस्तकांतही निम्मे शेरे याच वळणाचे असत: नाव, तारीख, बदामात खुपसलेला बाण.

वाईट इतकंच की त्याच लेण्याच्या भिंतीवर षड्दंत जातकाची गोष्ट आहे. सहा सुळ्यांचा हत्ती, जुना राग मनात धरलेली राणी, सुळे कापायला धाडलेला शिकारी. कादंबरीला आणखी काय लागतं? सतराव्या लेण्यात विश्वंतर आणि सिंहलाच्या कथा तर भिंतभर पसरल्या आहेत. पहिल्यांदा बघताना मी चौकटी मोजत डावीकडून उजवीकडे वाचू पाहत होतो आणि काही केल्या गोष्ट जुळेना. जर्मन अभ्यासक डिटर श्लिंगलॉफ यांनी याचं उत्तर दिलंय: अजिंठ्याचे चित्रकार पुष्कळदा प्रसंग काळाच्या क्रमाने लावत नाहीत, जागेच्या क्रमाने लावतात. राजवाड्यात घडलेलं सगळं एकीकडे, रानात घडलेलं सगळं दुसरीकडे. माणूस घरातून निघतो आणि घरी परततो, ते एकाच दारात. गोष्ट लोकांना आधीच पाठ असायची, तेव्हा ‘पुढं काय झालं’ हा प्रश्नच नव्हता. ही मांडणी मला आजच्या बहुतेक कॉमिक्सपेक्षा धीट वाटते.

पुढचा पूर्वज पैठणचा. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातली रामायण-महाभारताची ती कागदावरची चित्रं, मोठ्या डोळ्यांचे बाजूने दिसणारे वीर, लाल-पिवळे रंग. बरीचशी पैठणला मिळाली म्हणून पैठणी चित्रं हेच नाव त्यांना चिकटलं. पुण्याच्या केळकर संग्रहालयात त्यांचा संग्रह आहे. चित्रकथी एकेक चित्र लोकांसमोर धरायचा आणि त्यावरची कथा गाऊन सांगायचा. ही कला सिंधुदुर्गातल्या पिंगुळीच्या ठाकरांनी जिवंत ठेवली. तिथल्या परशुराम गंगावणे यांना 2021 साली पद्मश्री जाहीर झाली. इथं शेरा लिहायला समासच नाही. मत द्यायचं ते तोंडावर, नाहीतर पुढ्यातल्या ताटात. गोष्ट आवडली नाही की माणसं उठून जात. अशी मतं कुणी टिपून ठेवत नाही. पुढं ही चित्रं काचेआड गेल्यावर त्यांच्यावर लिहिलं गेलं, पण ते रेषेवर, रंगावर, शैलीवर. बभ्रुवाहन बापाशी लढतो तो प्रसंग चित्रकाराने नीट पेलला की घाईने उरकला, हे कुणी विचारताना दिसत नाही. चित्रातल्या गोष्टीचं दुखणं तिथूनच सुरू होतं, असं माझं मत आहे.

शब्दांतल्या गोष्टीचं नशीब वेगळं. आमच्या शहराला तर त्या बाबतीत मोठा मान मिळाला होता, आणि मराठी वाचकांना त्याची गंधवार्ताही नसते. मौलवी अब्दुल हक यांनी 1912 साली अंजुमन तरक्की-ए-उर्दूचं चिटणीसपद घेतलं आणि अंजुमनचा कारभार औरंगाबादेत आणला. पुढची वीसेक वर्षं उर्दूतल्या पुस्तकांचा न्यायनिवाडा या गावातून चालला. 1921 साली इथूनच ‘उर्दू’ हे त्रैमासिक निघालं, आणि त्यातले तबसिरे, म्हणजे पुस्तकांवरची परखड टिपणं, लेखकांना धडकी भरवणारे असत. मीर अम्मनच्या ‘बाग़-ओ-बहार’ला हकसाहेबांनी लिहिलेली प्रस्तावना घ्या. ही कथा अमीर खुसरोची, असं खुद्द लेखकच सांगून बसलेला. हकसाहेबांनी पुरावे मांडून दाखवलं की माल तहसीनच्या ‘नौ तर्ज़-ए-मुरस्सा’तून उचललाय. गोवळकोंड्याच्या मुल्ला वजहीची 1635 सालची दख्खनी गद्यकथा ‘सबरस’ 1932 साली इथूनच छापली गेली. ‘सबरस’ मला स्वतःला जड जाते. अक्कल, दिल, हुस्न अशी नावं घेतलेल्या पात्रांशी दोन पानांपलीकडे जवळीक होत नाही. पण तिच्या दख्खनीतले कितीतरी शब्द शहागंजात भाजी घेताना आजही कानावर पडतात, आणि पुस्तक हातातून सुटत नाही ते त्यामुळे.

मराठीत पुस्तकांच्या न्यायनिवाड्याचा हा धंदा आधीच सुरू झालेला. 1861 साली हळब्यांची ‘मुक्तामाला’ आली, 1868 साली रिसबुडांची ‘मंजुघोषा’, आणि 1872 सालीच काशिनाथ बाळकृष्ण मराठे यांनी नावल आणि नाटक यांच्यावर निबंध लिहून त्यांची झडती घेतली. मग 1902 साली इतिहासाचार्य राजवाडे यांचा ‘कादंबरी’ हा लेख आला. युरोपातल्या कादंबरीचं माप लावून त्यांनी मराठीतली कादंबरी तोकडी ठरवली. राजवाड्यांचा लेख मला आवडतो तो निकालासाठी नव्हे, भूक दिसते म्हणून. दप्तरं धुंडाळत गावोगाव फिरणारा हा माणूस कादंबऱ्या अधाशासारख्या वाचत असे आणि मग चिडत असे. चिडण्याइतकं प्रेम असल्याशिवाय शेरा लिहिताच येत नाही.

इथं फळीवरची वाट दुभंगते. कादंबरीला राजवाडे मिळाले, पुढं औरंगाबादच्या विद्यापीठात शिकवून गेलेले नेमाडे मिळाले. ‘यमुनापर्यटन’, ‘मुक्तामाला’ आणि ‘मोचनगड’ या तीन घराण्यांत सगळी मराठी कादंबरी वाटून टाकणारा त्यांचा लेख वाचल्यापासून कुठलीही नवी कादंबरी हातात घेतली की मी आधी तिचं गोत्र विचारतो. ही खोड जात नाही. ‘जासूसी दुनिया’ला मात्र कुणीच मिळालं नाही. 1952 पासून अलाहाबादेहून निघणारी इब्ने सफी यांची ही मासिक पुस्तकं शहागंजात महिन्याच्या रेशनसारखी वाटली जात. हिंदीत येताना त्यांतल्या कर्नल फरीदीचा ‘कर्नल विनोद’ व्हायचा. फरीदी मला कायम थंड वाटला. इमरान मात्र, वेड पांघरून पेडगावला निघालेला तो तरुण, अजूनही पुन्हा वाचता येतो. तोही वाचणारच हे ठाऊक असतं. पण तो कसा बोलेल हे ठाऊक नसतं.

1964 साली इंद्रजाल कॉमिक्स आलं, साठ पैशांना, आणि पुढं मराठीतही. वेताळावर, म्हणजे फँटमवर, आम्ही जीव टाकला. आता वाचताना कवटीच्या गुहेतला तो गोरा माणूस, पिढ्यान्‌पिढ्या काळ्या माणसांना शांतता शिकवणारा, घशाखाली उतरत नाही. मॅन्ड्रेक निरुपद्रवी. 1976 साली आबिद सुरती यांचा बहादूर आला. चंबळचे डाकू, गावकऱ्यांचं रक्षक दल, कुर्ता आणि जीन्स. गोविंद ब्राह्मणिया यांची चित्रं. पहिल्यांदाच चित्रातली धूळ ओळखीची वाटली. गोष्टी मात्र सरळसोट होत्या. डाकू का झाला, याचं उत्तर दोन चौकटींत उरकलेलं. 1990 मध्ये मालिका बंद पडली. बातमी आली असेल, परीक्षण कुठं आल्याचं स्मरत नाही.

मराठवाड्याच्या कादंबऱ्यांत माझा कौल रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ला, 1971ची. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून सांगितलेली ती परवड एका दमात वाचून होते आणि मग आठवडाभर दुसरं पुस्तक उघडवत नाही. नेमाड्यांच्या ‘कोसला’बद्दल इतकं बोललं गेलंय की मी फक्त अजिंठ्याचा भाग पुन्हा काढून वाचतो. बहीण गेल्यावर भिंतीसमोर उभा राहिलेला पांडुरंग सांगवीकर, हा कादंबरीने चित्रकथेला दिलेला मला माहीत असलेला सर्वांत चांगला शेरा आहे.

2011 साली ‘भीमायन’ हाती आलं. दुर्गाबाई आणि सुभाष व्याम या गोंड चित्रकारांनी काढलेली बाबासाहेबांची गोष्ट. पात्रांना चौकटीत कोंडायचं नाही, असं या दोघांनी ठरवलं होतं. प्रसंग पानभर मोकळे वाहतात. विखारी बोलणाऱ्याच्या शब्दांना विंचवाची नांगी, मवाळ बोलणाऱ्याच्या शब्दांना पाखराचा आकार. त्यात 1934 सालचा दौलताबादचा प्रसंग आहे: वेरूळला निघालेली मंडळी किल्ल्याच्या टाक्यावर हातपाय धुतात आणि पाणी बाटवलं म्हणून गलका उठतो. शहागंजातून तो किल्ला जेमतेम दहा मैल. पुस्तकावर माझी तक्रार आहे ती मजकुराची. दोन माणसं बसथांब्यावर बोलत गोष्ट सांगतात, ही योजना शाळेच्या पुस्तकातली वाटते. वर्तमानपत्रांतली कात्रणं चित्राला धक्के देतात. पण दौलताबादची पानं मी मजकूर झाकून पाहिली, आणि गोष्ट तरीही कळली. माझ्या प्रतीत त्या पानाच्या कडेला मी पेन्सिलीने एवढंच लिहिलंय: ‘अजिंठ्यासारखं. जागा आधी, काळ नंतर.’