फुलदांड्यावरची पिल्ले

कीटकभक्षी वनस्पतींचा इतिहास आजवर बहुधा सापळ्याच्या बाजूने लिहिला गेला. १७५९ मध्ये उत्तर कॅरोलायनाचे गव्हर्नर आर्थर डॉब्ज यांनी माशी पकडणाऱ्या वनस्पतीची वार्ता लंडनच्या पीटर कॉलिन्सन यांना कळविली. पुढे जॉन एलिस यांनी तिला ‘डायोनिया’ हे नाव दिले. १८७५ मध्ये चार्ल्स डार्विन यांचा या विषयावरील ग्रंथ आला. या साऱ्यांचे डोळे पानांवर खिळलेले. पानांच्या मधून वर जाणारा, पांढरी फुले धरणारा दांडा मात्र उपेक्षितच राहिला.

त्या दांड्याचा हिशेब प्रथम मांडला तो डार्विनपुत्र फ्रान्सिस यांनी. १८७७ च्या उन्हाळ्यात त्यांनी दवबिंदूची रोपे सूपच्या बशांत लावली आणि प्रत्येक बशीचे दोन भाग केले. एका भागातील पानांना भाजलेल्या मांसाचे बारीक कण भरविले, दुसऱ्या भागाला उपाशी ठेवले; बाहेरचे किडे येऊ नयेत म्हणून वर जाळीचे कापड घातले. उपाशी रोपांना शंभर फुलदांडे आले असे धरले, तर पोसलेल्यांना १६५ आले. बियांची संख्या शंभरास २४२ पडली आणि बियांचे वजन शंभरास ३८०. पोसलेल्या रोपांची पाने अधिक हिरवी दिसू लागली. पण खरा मोठा फरक होता तो संततीत! सापळा राबतो तो दांड्यासाठी, हे या बशांनी दाखविले. पित्याच्या मोठ्या ग्रंथापुढे मुलाचे हे काम झाकोळले गेले, याची आम्हांस खंत वाटते.

पण हाच दांडा कधी कधी बी न धरता थेट रोपच धरतो. कळीच्या जागी इवलीशी पाने फुटतात, मुळे सुटतात, आणि दांडा वाकून ओल्या जमिनीला टेकला की पिल्लू स्वतंत्र होते. आपल्याकडच्या घायपाताच्या उंच दांड्यावर लगडलेली पिल्ले ज्यांनी पाहिली आहेत, त्यांना हे नवल वाटू नये. शास्त्रज्ञ यास आभासी जरायुजता म्हणतात. कारण मांडवी-झुआरीच्या खाड्यांतील कांदळाप्रमाणे येथे झाडावरच बी रुजलेले नसते, बीच मुळी नसते. कोवळ्या दांड्याच्या टोकाचे फूल होणे अजून पक्के झालेले नसते, तोवर ते माघारी वळून पाने काढू शकते. फूल हे पानाचेच रूपांतर, हे गटे यांनी १७९० मध्ये मांडले होते आणि मध्यातून पुन्हा देठ फुटलेल्या गुलाबाचे उदाहरण दिले होते. उतारवयात त्यांना आपली पानफुटी फार प्रिय झाली होती, हे जाता जाता सांगावेसे वाटते.

इतरांत क्वचित दिसणारी ही गोष्ट एका जातीने नेमाचीच करून टाकली. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलंडच्या वर्षावनात वाढणाऱ्या एका दवबिंदूला सी. टी. व्हाइट यांनी १९४० मध्ये ‘ड्रॉसेरा प्रोलिफेरा’ असे नाव दिले. मराठीत तिला लेकुरवाळी म्हणावे. तिचा बारीक दांडा जमिनीकडे झुकतो, टोकाशी पिल्लू रुजते, आणि हळूहळू ओल्या मातीवर तिचे बिऱ्हाड पसरते.

डायोनियाच्या बाबतीत या गुणाला वेगळेच मोल आले. उत्तर व दक्षिण कॅरोलायनाच्या किनारपट्टीबाहेर ती निसर्गतः कोठेही नाही, आणि रानातून उपटून विकणाऱ्यांनी तिला जेरीस आणले. १९९२ मध्ये तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधने आली. २०१४ मध्ये उत्तर कॅरोलायनाने ही चोरी गंभीर गुन्हा ठरविली. इकडे फुलोऱ्याने रोप थकते म्हणून माळी कोवळा दांडा छाटतात. तोच तुकडा ओल्या शेवाळात खोचला की काही आठवड्यांत त्याला पिल्ले फुटतात. प्रयोगशाळेतील ऊतीसंवर्धनालाही दांड्याचे तुकडे चालतात. विक्रीसाठी रानात हात घालण्याचे कारणच त्यामुळे उरत नाही.

मात्र पिल्लू ही आईची हुबेहूब नक्कल. नवा मेळ बियांतूनच होतो, आणि त्यासाठी कीटक हवेत. तेच कीटक, ज्यांना खाली पाने टपलेली असतात! ही कोंडी कशी सुटते, याचे उत्तर मिळावयास २०१८ साल उजाडावे लागले. उत्तर कॅरोलायनातील संशोधकांनी फुलांवरचे आणि सापळ्यांतले किडे वेगवेगळे गोळा केले. परागीभवनाचे मुख्य काम एक हिरवी लहान मधमाशी व दोन जातींचे भुंगेरे करतात, आणि त्यांच्यापैकी एकही सापळ्यात सापडला नाही. सापळ्यांत होते ते मुंग्या आणि कोळी, जमिनीवरून चालत येणारे; दांडा त्यांच्यापासून वीतभर उंच उभा होता.