कँडी क्रश आतून कसा चालतो?

‘कँडी क्रश सागा’ हा मॅच-थ्री प्रकारातला गेम. शेजारच्या दोन कँडींची अदलाबदल करायची, एकाच रंगाच्या तीन किंवा जास्त कँडी ओळीत आल्या की त्या फुटतात. किंग कंपनीने तो एप्रिल २०१२ मध्ये फेसबुकवर आणला आणि त्याच वर्षाच्या शेवटी मोबाईलवर. मूळ कल्पना जुनी आहे. १९९४ चा रशियन ‘शारिकी’ आणि २००१ चा ‘बिज्वेल्ड’ हे त्याचे पूर्वज.

असा गेम बनवायचा तर पहिली अडचण पट भरतानाच येते. रंग नुसते रँडम टाकले तर खेळ सुरू होण्याआधीच कुठेतरी तीन सारखे जुळलेले असतात. म्हणून पट वरच्या डाव्या कोपऱ्यापासून भरत जायचं आणि प्रत्येक घरात रंग टाकताना डावीकडची दोन आणि वरची दोन घरं बघायची. दोन्ही सारखी असतील तर तो रंग टाळायचा. उजवीकडे आणि खाली बघायची गरजच नाही, कारण तिथे अजून काही भरलेलं नसतं.

पुढचं सगळं एक लूप आहे. जुळलेल्या कँडी काढा, वरच्या खाली सरकवा, रिकाम्या जागी नव्या टाका, परत तपासा. काहीच जुळत नसेल तेव्हा थांबा. एका चालीत धडाधड फुटत जातात ना, तो हाच लूप. त्यात आपलं कौशल्य थोडं, नशीब जास्त!

चाल शिल्लक आहे का, हे शोधणं सोपं आहे. पूर्ण भरलेल्या ९×९ पटावर शेजाऱ्यांच्या अदलाबदली एकूण १४४ होतात. फोन त्या क्षणात करून बघतो. एकही चालत नसेल तर पट पिसला जातो. आपण काही वेळ नुसतं बघत बसलो की कँडी हलून इशारा देतात. तो इशारा चालू शकणाऱ्या चालीचा असतो, सर्वात चांगल्या चालीचा असेलच असं नाही. आधीपासून सगळ्या चालींचं गणित मांडणं मात्र भयंकर अवघड. टोबी वॉल्श या संगणकशास्त्रज्ञाने २०१४ मध्ये दाखवलं की हा प्रश्न एनपी-हार्ड आहे.

माझी मावशी विचारते, “हा गेम मुद्दाम हरवतो का रे?” माझं उत्तर असं, की मुद्दाम हरवायची गरजच नाही. लेव्हलला किती चाली द्यायच्या हा डिझायनरने ठरवलेला आकडा असतो. २५ च्या जागी २२ केला की तोच पट कितीतरी अवघड होतो. मग एका चालीने हरलेल्या माणसासमोर ‘आणखी पाच चाली’ घ्यायचं बटण येतं. लाइफ पाच, एक भरायला ३० मिनिटं, म्हणजे सगळ्या भरायला अडीच तास. खरी विक्री या वाट बघण्याचीच आहे.

घरातली मुलं किंवा वडीलधारी तुमच्या फोनवर खेळत असतील तर पाच मिनिटं काढून एवढं कराच. अँड्रॉइडवर प्ले स्टोअरच्या सेटिंग्जमध्ये प्रत्येक खरेदीला पासवर्ड किंवा बोटाचा ठसा मागायचा पर्याय चालू करा. आयफोनवर स्क्रीन टाइममधल्या कंटेंट अँड प्रायव्हसी रिस्ट्रिक्शन्समध्ये जाऊन इन-ॲप परचेस बंद करा. गेम फुकट खेळता येतोच, फक्त अडीच तास थांबावं लागतं.